निवृत्तीचे वय कोणी ठरवायचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रात १ जून या तारखेला जितकी माणसे जन्मली असे कागदोपत्री दिसते, तितकी त्या दिवशी खरोखर जन्मली असणे शक्य नाही. याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. मूल शाळेत घालायला आलेल्या आईबापांना जन्मतारीख सांगता येत नसे. पूर आला त्या साली, दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या वर्षी, एवढेच ते सांगत. गुरुजींना रकाना भरायचा असे आणि शाळेत बसण्याइतके वय झाले आहे हे दाखवायचे असे. मग त्यांनी १ जून लिहून टाकले. पन्नासेक वर्षांनंतर याचा परिणाम असा होतो की ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची एकच दाटी होते. गंमत म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. पण ज्याचे वय गुरुजींच्या अंदाजाने दोन वर्षे वाढले, त्याची दोन वर्षांची रोजी त्या अंदाजाने गेली, हे हसताना ध्यानात राहत नाही.

ज्यांना शाळाही लाभली नाही त्यांचे वय कारखान्याच्या दारात ठरले. समोर उभ्या राहिलेल्या जवान गड्याकडे पाहून कारकुनाने पंचवीस लिहिले की पंचवीस, तीस लिहिले की तीस. पुढे नोकरी संपत आल्यावर त्याने ही नोंद चुकीची असल्याचा अर्ज केला तर न्यायालये तो सहसा ऐकत नाहीत. नोकरीच्या अखेरीस जन्मतारीख बदलून मागण्याचा हक्क कोणाला नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली हरनामसिंग यांच्या खटल्यात स्पष्ट केली आणि नंतरही ती कायम ठेवली. या भूमिकेला व्यवहाराचा आधार आहे, हे मान्य करावे लागेल. अन्यथा प्रत्येकजण शेवटच्या वर्षी दाखला घेऊन उभा राहील. परंतु नोंद करताना कामगाराला विचारले नव्हते आणि दुरुस्त करताना मात्र त्यानेच उशीर केला असे म्हटले जाते, यातील विसंगती लपत नाही. अलीकडे आधार कार्डावरील जन्मतारखेचा असाच घोळ झाला. कितीतरी कार्डांवर अंदाजाने १ जानेवारी पडले. भविष्यनिर्वाह निधी संघटनेने २०२४ च्या जानेवारीत आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरणे बंद केले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही शाळा सोडल्याच्या दाखल्याला आधारपेक्षा अधिक महत्त्व दिले. शाळाच न पाहिलेल्या श्रमिकाने कोणता दाखला आणावा, हा प्रश्न जिथल्या तिथेच आहे.

वयाच्या नोंदीचा हा विषय प्रथम घेण्याचे कारण असे की सेवानिवृत्तीच्या सगळ्या चर्चेचे मूळ त्यात दिसते. कामगाराचे वय किती, ते कामाला पुरे पडते की नाही, त्याने केव्हा थांबावे, यांपैकी एकही गोष्ट त्याने स्वतः ठरवलेली नसते. ती दुसरा कोणी ठरवतो आणि हा अंगठा उठवतो.

कायद्याचा इतिहास पाहिला तर एके काळी वाटचाल पुढच्या दिशेने होती, हे दिसून येईल. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात अनेक कंपन्यांनी पंचावन्न हे निवृत्तीचे वय स्थायी आदेशांत घालून घेतले होते. १९५९ साली गेस्ट कीन विल्यम्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी अट जे कामगार आधीपासून नोकरीत आहेत त्यांच्यावर लादणे वाजवी नाही. त्यांच्यासाठी साठ हे वय धरण्यात आले. १९६६ साली ब्रिटिश पेंट्सच्या खटल्यात त्याच न्यायालयाने देशातील आरोग्यमान सुधारले आहे, आयुर्मान वाढले आहे, तेव्हा साठ हे वय योग्य होय, असा निर्वाळा दिला. मुंबईतील कारकून आणि शिपाई यांच्या संघटनांनी या प्रश्नावर चिवटपणे झुंज दिली आणि राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत साठ हा आकडा आला. केंद्र सरकारने आपल्या नोकरांचे वय १९६२ साली पंचावन्नाचे अठ्ठावन्न आणि १९९८ साली अठ्ठावन्नाचे साठ केले. म्हणजे कागदावर कामगाराचे कार्यक्षम आयुष्य वाढत गेले.

मग हा कामगार पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसलेला का दिसतो?

याचे उत्तर शोधण्यासाठी औद्योगिक विवाद कायद्यातील दोन कलमे शेजारी ठेवून वाचावी लागतात. १९४७ च्या या कायद्यात १९५३ साली २५-जी हे कलम घालण्यात आले. कामगारकपात करायची असेल तर एका वर्गातील जो शेवटी आला तो प्रथम जाईल, असा त्याचा दंडक. ज्याने उमेदीची वीस वर्षे एका साच्यावर घालवली त्याला नवी नोकरी मिळणे कठीण, म्हणून त्याला शेवटी हात लावावा, असा त्यामागील विचार. म्हाताऱ्या कामगाराला संरक्षण देणारी तरतूद आपल्या कायद्यात कोठे असेल तर ती हीच होती. परंतु त्याच कायद्यात कामगारकपात म्हणजे काय याची व्याख्या दिलेली होती आणि त्या व्याख्येतून स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती वगळलेली होती. वयोमानानुसार निवृत्ती वगळलेली होती. सततच्या आजारपणामुळे कामावरून दूर करणे हेही वगळलेले होते. १९८४ साली दुरुस्ती होऊन मुदतीच्या कराराची मुदत संपणे हेही वगळले गेले. मालकवर्गाच्या वकिलांनी हे अपवाद बारकाईने वाचले. १९७६ नंतर मोठ्या कारखान्यांत कपातीसाठी सरकारची परवानगी घेणे सक्तीचे झाले, तेव्हा तर या अपवादांचे मोल फारच वाढले. कपात करायची नाही, राजीनामे गोळा करायचे. त्याला स्वेच्छानिवृत्ती असे शोभिवंत नाव मिळाले.

सरकारने या व्यवहाराला करसवलतीचे वंगण घातले. १९६१ च्या आयकर कायद्यात स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेपैकी पाच लाख रुपयांपर्यंत सूट देण्याची सोय झाली आणि नियमांत अट घालण्यात आली की ती योजना दहा वर्षे नोकरी झालेल्या किंवा चाळीस वर्षे वय झालेल्या नोकरांना लागू असावी. चाळीस! न्यायालय म्हणते साठ वर्षांपर्यंत माणूस कामाला योग्य आहे. कराचा नियम म्हणतो चाळिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला तर शासनाला ते सवलत देण्याइतके इष्ट वाटते. २००० साली सार्वजनिक बँकांनी आणलेल्या योजनेतही चाळीस वर्षे वय किंवा पंधरा वर्षे सेवा हीच पात्रता होती आणि सुमारे एक लाख कर्मचारी त्यातून बाहेर पडले. २०१९ साली भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी पन्नास वर्षांवरील कर्मचाऱ्यांसाठी योजना जाहीर केल्या. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी दोन्ही निगमांतून मिळून नव्वद हजारांहून अधिक माणसे घरी गेली. मुंबईची दूरध्वनी केंद्रे त्या दिवशी कशी ओस पडली हे ज्यांनी पाहिले त्यांना ‘स्वेच्छा’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. कित्येक महिने पगार वेळेवर होत नव्हते. जो राहील त्याच्या पगाराची शाश्वती नाही आणि जो जाईल त्याला ठोक रक्कम, अशा कात्रीत सापडलेल्या माणसाने सही केली तर ती त्याची इच्छा असे म्हणायचे.

गिरणगावात हे सारे अधिक उघडेवाघडे झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. परत घेताना कोणाला घ्यायचे याची निवड मालकांच्या हाती आली आणि त्या निवडीत चाळिशी-पन्नाशीच्या कामगारांचे, बदलीवाल्यांचे काय झाले याच्या कहाण्या लालबाग-परळच्या प्रत्येक चाळीत आहेत. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांत पुढे स्वेच्छानिवृत्तीच्या सुधारित योजना आल्या. हाती पडलेल्या पैशातून कोणी मुलीचे लग्न केले, कोणी गावचे घर शाकारले, कोणी सावकाराचे देणे फेडले. उरलेल्या आयुष्याला ती रक्कम पुरणार नव्हती हे देणाऱ्यालाही ठाऊक होते. ज्या आवारात साचेखाते धडधडत होते तेथे बाजारसंकुले आणि काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि गिरणीत आयुष्य गेलेल्यांपैकी कितीएक बारा बारा तासांच्या पाळीवर कोठेतरी पहारेकऱ्याचा गणवेश घालून उभे राहिले. साच्यावर उभे राहण्यास जो पन्नाशीत म्हातारा ठरला तोच साठीनंतर रात्रभर फाटकाशी उभा राहण्यास मात्र जवान ठरला. फरक वेतनाचा होता, वयाचा नव्हता. जाणकार, युनियन पाहिलेला आणि महागाईभत्त्याचे गणित कळणारा कामगार महाग पडतो, म्हणून तो म्हातारा असतो.

या विषयात स्त्रियांची गोष्ट वेगळी काढून सांगितली पाहिजे. एअर इंडियाच्या हवाईसुंदरींच्या सेवानियमांत अशी अट होती की त्यांनी पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावे, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर तेव्हा, किंवा पहिल्या गरोदरपणी. यांतले जे आधी घडेल ते. त्यापुढे पंचेचाळीसपर्यंत मुदतवाढ द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर. त्याच विमानात तीच खाण्याची ताटे उचलणारा पुरुष अठ्ठावन्नापर्यंत नोकरीत राही. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारिणी न्यायालयात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि संचालकाचा अनिर्बंध अधिकार रद्द ठरवला. परंतु स्त्री आणि पुरुष यांचे संवर्ग वेगळे आहेत असे सांगून वयातील भेद मुळातून उखडण्याचे टाळले. त्यानंतर दोन दशके हा झगडा चालू राहिला. अठ्ठावन्नापर्यंत नोकरी, पण पन्नाशीनंतर विमानात पाऊल टाकायचे नाही, जमिनीवरचे काम करायचे आणि उड्डाणाचे भत्ते गमवायचे, अशी तडजोड निघाली. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही उचलून धरली. तसे करताना न्यायालयाने कोणाचा आधार घेतला? कर्मचाऱ्यांच्याच संघटनेने व्यवस्थापनाशी केलेल्या करारांचा. त्या संघटनेतील पुष्कळ जणींना पन्नाशीनंतर खरोखरीच उडायचे नव्हते. ज्या मूठभरांना उडायचे होते त्यांचा हक्क बहुमताने गेला. अखेर त्याच वर्षाच्या शेवटी सरकारनेच स्त्रियांना अठ्ठावन्नापर्यंत उड्डाण करण्याची मुभा दिली. कामगारसंघटनांत काम करणाऱ्यांनी हे प्रकरण पुनःपुन्हा वाचावे असे आहे. थांबू इच्छिणारीला थांबता आले पाहिजे आणि चालू ठेवू इच्छिणारीला चालू ठेवता आले पाहिजे. एकीच्या सोयीसाठी दुसरीचा हक्क सौद्यात टाकण्याचा अधिकार युनियनला कोणी दिला?

राज्यघटनेकडे वळावे तर तेथेही निराशा होते. सोळाव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात सरकारी नोकरीत ज्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही त्यांची यादी आहे. धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास. वय त्यात नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९५८ च्या भेदभावविरोधी ठरावातही नव्हते. वृद्ध कामगारांविषयीची शिफारस १९८० साली आली, ती बंधनकारक नाही. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशाने १९६७ सालीच चाळिशीपुढील कामगाराला वयावरून नाकारणे बेकायदा ठरवले आणि १९८६ साली बहुतेक व्यवसायांतील सक्तीची निवृत्तीच काढून टाकली. तेथील म्हाताऱ्याचे सारे दुःख त्यामुळे संपले असे समजण्याचे कारण नाही. निवृत्तिवेतन पुरत नाही म्हणून सत्तराव्या वर्षी दुकानात सामान भरणारी माणसे तेथेही आहेत. पण निदान नोकरीच्या जाहिरातीत ‘वय तीसपर्यंत’ असे निर्लज्जपणे छापता येत नाही. येथे ते रोज छापले जाते आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही. सरकार स्वतःच त्याचा धडा घालून देते. महाराष्ट्रात सरकारी भरतीची कमाल वयोमर्यादा २०१६ साली खुल्या वर्गासाठी अडतीस आणि मागासवर्गीयांसाठी त्रेचाळीस करण्यात आली. तेवढ्यासाठीही वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. गिरणी किंवा कारखाना बंद पडून चव्वेचाळिसाव्या वर्षी रस्त्यावर आलेल्या माणसाला ही दोन्ही दारे बंद.

येथे एक आक्षेप निश्चितपणे घेतला जाईल आणि तो तरुण साथींकडून घेतला जाईल. बेकारांच्या रांगा लागलेल्या असताना म्हाताऱ्यांनी खुर्च्या का अडवून ठेवाव्यात? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच आंध्र प्रदेशातील उदाहरण ध्यानात ठेवावे. १९८३ च्या फेब्रुवारीत नव्याने सत्तेवर आलेल्या रामाराव सरकारने सुशिक्षित बेकारांना संधी मिळावी म्हणून निवृत्तीचे वय अठ्ठावन्नावरून एकदम पंचावन्नावर आणले. महिना संपायच्या आत हजारो नोकर घरी गेले. ना पूर्वसूचना, ना तयारी. कोणाची मुले शिकत होती, कोणी घराचे कर्ज काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या जानेवारीत हा निर्णय वैध ठरवला. परंतु तोवर १९८४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या दुसऱ्या सरकारने वटहुकूम काढून वय पुन्हा अठ्ठावन्न केले होते. मधल्या अठरा महिन्यांत जे घरी गेले त्यांचे काय? पुन्हा न्यायालय, आणि त्याच वर्षी त्यांच्या बाजूने निकाल. या सगळ्या धावपळीत बेकारी हटली काय? ज्या राज्यात जागा निर्माण होत नाहीत तेथे म्हाताऱ्याला उठवून तरुणाला बसवणे म्हणजे एकाच भाकरीचे दोन घरांत भांडण लावणे होय. केरळात तर निवृत्तीचे वय दीर्घकाळ पंचावन्न होते. त्यामुळे तेथील तरुण आखातात जायचा थांबला नाही.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट बोलली पाहिजे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटना वय साठ करण्याची मागणी जेव्हा करतात, तेव्हा आपल्या पक्षाने डोळे मिटून तिला पाठिंबा देऊ नये. वातानुकूलित कचेरीत बसणारा अधिकारी आणि पावसात खांबावर चढणारा तारतंत्री यांचे साठावे वर्ष सारखे नसते. पहिल्याला दोन वर्षे वाढवून हवी असतात, दुसऱ्याला दोन वर्षे आधी सुटका हवी असते, पण निवृत्तिवेतन पूर्ण हवे असते. सगळ्यांना एकच आकडा लावण्याची सवय ही नोकरशाहीची सोय आहे.

आता ज्यांना निवृत्तच होता येत नाही त्यांच्याकडे येऊ. खरे पाहता भाषणाची सुरुवात त्यांच्यापासून व्हायला हवी होती, कारण संख्येने तेच अधिक आहेत. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक भरली. त्यांतील ग्रामीण पुरुषांपैकी सुमारे दोनतृतीयांश अजून काम करीत होते. शहरांतही जवळजवळ निम्मे. ही माणसे छंद म्हणून काम करीत नव्हती. बाजारसमितीत पाठीवर पोते घेणाऱ्या हमालाचे गुडघे पन्नाशीतच गेलेले असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम उचल देतो ती त्यांच्या अंगातील ताकद जोखून. कोयता मंदावला की उचल घटते, आणि मागची उचल फिटलेली नसेल तर थांबताही येत नाही. घरकाम करणारी बाई साठीला आली की जिने चढवत नाहीत म्हणून चार घरांची दोन घरे होतात. यांना निवृत्तीची तारीख नाही, निरोपाचा नारळ नाही. हात चालेनासे होणे हीच यांची निवृत्ती.

यांच्यासाठी केलेल्या योजना वाचताना मन विषण्ण होते. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात कल्याणमंडळाची नोंदणी अठरा ते साठ वयात. साठ पूर्ण झाले की लाभार्थीपण संपले, पुढचे निवृत्तिवेतन मंडळाच्या नियमांवर आणि राज्याच्या इच्छेवर. २०१९ साली असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन योजना मोठ्या गाजावाजाने आली. साठीनंतर महिना तीन हजार. पण प्रवेश कोणाला? अठरा ते चाळीस वर्षांच्या कामगाराला. ज्याला म्हातारपण समोर दिसू लागले आहे त्या एकेचाळीस वर्षांच्या हमालाला दार बंद, आणि आजच्या विशीतल्या पोराने चाळीस वर्षे न चुकता हप्ते भरले तर त्याला त्या वेळच्या महागाईत तीन हजार! २०१५ च्या अटल पेन्शनचीही वयाची अट तीच. ज्याने यापूर्वीच आयुष्यभराचे श्रम देऊन टाकले आहेत त्याच्यासाठी केंद्र सरकारकडे आहे ते राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन. १९९५ साली पंचाहत्तर रुपयांनी त्याची सुरुवात झाली. २००६ साली केंद्राचा वाटा दोनशे झाला आणि साठ ते एकोणऐंशी वयासाठी तो दोनशेवरच थिजला. महाराष्ट्राने श्रावणबाळ योजनेखाली २०२३ साली रक्कम दीड हजारांवर नेली हे खरे. तथापि त्यासाठी पासष्ट वर्षे वय आणि वार्षिक एकवीस हजारांच्या आत कौटुंबिक उत्पन्नाचा दाखला लागतो. दिवसाला साठ रुपयेसुद्धा न मिळवणारे कुटुंब शोधून त्याचा दाखला देणारा तलाठी काय मनाने लिहीत असेल, ते तोच जाणे.

संघटित कामगाराची स्थिती फार बरी आहे अशी समजूत असेल तर तीही सोडावी. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे सूत्र सोपे आहे: निवृत्तिवेतनासाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. २०१४ पासून पगाराची मर्यादा पंधरा हजार धरली गेली. त्या हिशोबाने पस्तीस वर्षे अखंड काम करणाऱ्यालाही साडेसात हजारांच्या आसपास रक्कम मिळेल, आणि तीत महागाईभत्ता नाही. निवृत्तीच्या दिवशी जो आकडा ठरला तोच मरेपर्यंत. किमान निवृत्तिवेतन २०१४ साली एक हजार रुपये करण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने ते तीन हजार असावे असे सुचवले होते. समिती कोणत्या पक्षाच्या खासदाराची होती आणि नंतर सत्तेवर कोण आले हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत ही म्हातारी माणसे उपोषणाला बसली.

या योजनेत आणखी एक कलम आहे, ते वर्गीय दृष्टीने फार बोलके आहे. ज्याची नोकरी गेली तो पन्नाशीनंतर लवकर निवृत्तिवेतन घेऊ शकतो, पण अठ्ठावन्नाला जितकी वर्षे कमी तितक्या वर्षांसाठी दरसाल चार टक्के कापले जातात. उलट ज्याला थांबणे परवडते त्याने साठीपर्यंत ते पुढे ढकलले तर दरसाल चार टक्के वाढतात. विमागणितज्ञ म्हणतील की हा शुद्ध हिशोब आहे. असेल. परंतु पन्नाशीत कोण येतो? ज्याचा कारखाना बंद पडला तो. साठीपर्यंत कोण थांबतो? ज्याच्या घरात दुसरा पगार आहे तो. निवृत्ती केव्हा घ्यावी हा निर्णय म्हणजे ऐपतीचे दुसरे नाव झाले आहे. १९८२ च्या डिसेंबरात नाकारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निवृत्तिवेतन ही मालकाची बक्षिशी नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्काचा मोबदला आहे, असे सांगितले. ते सरकारी निवृत्तांच्या बाबतीत होते. हमालाच्या पाठीला तोच न्याय लावा, ही मागणी बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ साली पेन्शन परिषदेने दिल्लीत मांडली: प्रत्येक श्रमिकाला किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, आणि अंगमेहनतीचे काम लक्षात घेऊन ते साठीच्या आधीच. ती मागणी जुनी झाली म्हणून टाकून देण्यासारखी नाही. उलट एकेचाळीसाव्या अनुच्छेदात वृद्धत्वात साहाय्य मिळण्याचा जो हक्क राज्याच्या आर्थिक कुवतीच्या आश्रयाला लिहून ठेवला आहे, त्याला हात घालणारी दुसरी कोणतीही ठोस मागणी आज समोर नाही.

सफाई कामगारांविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगार निवृत्त झाला, स्वेच्छेने निवृत्त झाला किंवा मरण पावला, तर त्याच्या वारसाला ती नोकरी मिळते. या तरतुदीने हजारो घरे तगली आहेत आणि ती काढून घेण्याची भाषा करणाऱ्यांना विरोधच केला पाहिजे. पण बाप आपली निवृत्ती अलीकडे ओढतो ती विश्रांतीसाठी नव्हे. मुलाचे वय सरकू नये, त्याला चिकटवून घ्यावे, म्हणून. आणि मुलगा चिकटतो तो त्याच झाडूला. बापाची निवृत्ती ही जातीने दिलेल्या कामाची वारसनोंद होऊन बसते. या कोड्याचे सरळ उत्तर पक्षाजवळ आहे असा आव आणणे अप्रामाणिक होईल. निदान वारसाला शिक्षणानुरूप महापालिकेतील दुसऱ्या कामावर घेण्याचा आग्रह प्रत्येक ठिकाणी धरता येईल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. कपातीसाठी परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली आणि मुदतबंद नोकरीला राजमान्यता मिळाली. एका वर्षानंतर उपदान मिळेल, याचे ढोल वाजवले जात आहेत. मुदतबंद नोकरीत वयाचा भेदभाव करण्यासाठी मालकाला काहीच करावे लागत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी करार संपतो. नवा करार होत नाही. कारण विचारण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण कोणाला काढलेलेच नसते. यापुढे म्हाताऱ्या कामगाराची लढाई काढण्याविरुद्ध लढता येणार नाही, पुन्हा न घेण्याविरुद्ध लढावी लागेल, आणि तिची हत्यारे अजून तयार व्हायची आहेत. कंत्राट नूतनीकरणात ज्येष्ठतेचा क्रम पाळला जाईल ही अट सामूहिक करारांत घालून घेणे, हे त्यांपैकी एक. नोकरीच्या जाहिरातीत कामाच्या स्वरूपाशी संबंध नसलेली वयाची अट घालण्यास बंदी करणारा राज्याचा कायदा, हे दुसरे. स्वेच्छानिवृत्तीचा प्रत्येक अर्ज मागे घेण्यासाठी पुरेशी मुदत मिळावी आणि अर्ज देताना युनियनचा प्रतिनिधी हजर असावा, एवढे तर लगेच मागता येईल.

तालुका शाखांनी आपापल्या भागात काही कामे यंदाच हाती घ्यावीत. पन्नाशी ओलांडलेल्या सभासदांची यादी करून त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी, विशेषतः जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंग, शाळेच्या दाखल्याशी आताच ताडून पाहाव्यात. निवृत्तीच्या महिन्यात त्या दुरुस्त होत नाहीत. ज्यांची दहा वर्षांची सेवा भरायला थोडेच महिने कमी आहेत त्यांना तसे कळवावे, कारण दहा वर्षांच्या आत योजना सोडणाऱ्याला मासिक निवृत्तिवेतन मिळतच नाही. अंगणवाडीसेविकांना उपदान लागू असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल प्रत्येक प्रकल्पकार्यालयात नेऊन दाखवावा. आणि कारखान्याच्या सूचनाफलकावर स्वेच्छानिवृत्तीची सूचना लागली की पहिल्या दिवशीच फाटकावर सभा घ्यावी. सह्या होऊन गेल्यावर घेतलेल्या सभेला माणसे येतात ती हिशोब विचारायला.